पहिलीच्या आधीच आराखडा लिहिला जावा: कोकणातील जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मा. उपमुख्य कार्यकारी अधिकारी (महिला व बालविकास),
जिल्हा परिषद रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

विशेष गरजा असणाऱ्या बालकाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, ज्याला आपण सारे रोजच्या बोलण्यात आयईपी म्हणतो, आपल्याकडे बहुतेक वेळा मूल पहिलीत दाखल झाल्यावर आणि त्यातही दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती पडल्यावर लिहायला घेतला जातो. हा आराखडा मूल अंगणवाडीत येऊ लागताच, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी, प्रमाणपत्रासाठी न थांबता लिहिला जावा आणि पुढे तोच कागद त्या मुलाबरोबर पहिलीच्या वर्गशिक्षकांच्या हाती यावा, ही या पत्रातील मुख्य मागणी आहे. मी फिरती विशेष शिक्षिका म्हणून नोकरी केली, खाडीकाठच्या आणि कातळावरच्या शाळा पायी पालथ्या घातल्या, आता निवृत्त आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते कुणाची चूक काढण्यासाठी नाही. यंत्रणेच्या आत राहून जे दिसले, ते यंत्रणा चालवणाऱ्यांपुढे ठेवते आहे.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो सहा वर्षांपासून पुढे नीट बोलू लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि कलम 16 नुसार शाळांवर प्रवेशाबरोबरच गरजेप्रमाणे वैयक्तिक साहाय्य देण्याची व प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकली. मोफत शिक्षणाचा कलम 31 मधला हक्क मात्र 6 ते 18 वयोगटाला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने 3 ते 8 वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला, तरी आपल्या कार्यालयांत त्या स्तराच्या मधोमध भिंत उभी आहे: अलीकडे महिला व बालविकास, पलीकडे शिक्षण. तिसरा विभाग आरोग्याचा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करते, आणि केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र अंगणवाडी प्रोटोकॉलही आणला आहे. म्हणजे लक्षणे ओळखण्याची सोय कागदावर तरी झाली आहे. ओळखल्यानंतर उद्या सकाळी दहा वाजता सेविकेने त्या मुलाबरोबर नेमके काय करायचे, हे सांगणारा कागद मात्र कुणाच्याच फायलीत नसतो.

आज प्रत्यक्षात काय होते ते आपण जाणताच. पथक येते, मूल बोलत नाही किंवा पाय ताठ आहेत अशी नोंद होते, संदर्भपत्र आईच्या हातात पडते. अशा मुलांची पुढची तपासणी आणि उपचार जिथे होतात ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र जिल्हा रुग्णालयाच्या ठिकाणी. मंडणगडच्या टोकाच्या वाडीतून तिथे जाऊन यायचे तर अख्खा दिवस मोडतो आणि दुसऱ्या दिवशीची मजुरीही जाते. तिथले थेरपिस्ट चांगले व्यायाम शिकवतात, कागदावर चित्रे काढून देतात. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात. सेविकेला त्याचा पत्ता नसतो आणि मूल पहिलीत गेले की गुरुजी नव्याने विचारतात, ‘ह्याला नक्की काय होतं?’ आईने ती कहाणी तोवर इतक्यांना सांगितलेली असते की ती थोडक्यात आटोपते, आणि नेमके महत्त्वाचे तेच गळते.

प्रमाणपत्राची वाट पाहण्यात तर काही प्रकारांत अर्थच नाही. अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीचे, प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांआधी देता येत नाही, मग अक्षरांच्या आधी ध्वनींशीच झगडणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाने तोवर करायचे काय? प्रमाणपत्र हे सवलती आणि योजनांसाठी लागते. मुलाला शिकवण्यासाठी त्याला काय येते आणि काय येत नाही एवढे कळले तरी सुरुवात करता येते.

एक उदाहरण जवळून सांगते. खाडीकाठच्या एका वाडीतला चार वर्षांचा मुलगा. बोलत नव्हता, नावाने हाक मारली तर वळत नव्हता, अंगणवाडीत कुकरची शिटी झाली की कानांवर हात ठेवून बाहेर पळायचा. सेविकेच्या मते तो ‘बसतच नाही’. आई पहाटे जेटीवर मासळी घ्यायला जायची, म्हणून माहिती द्यायला आजी आली. तिने सहज सांगितले, की ती पडवीत तिसऱ्या (खाडीतले खायचे शिंपले) निवडायला बसली की नातू तासभर शेजारी बसतो आणि रिकामे शिंपले लहान-मोठे लावत राहतो. जे मूल तासभर बसू शकते त्याच्याबद्दल ‘बसत नाही’ असे लिहून चालणार नव्हते. त्याचा आराखडा त्या पडवीतून सुरू झाला. पहिले उद्दिष्ट असे: खिचडीच्या वेळी मदतनीस शेजारी असताना तो पाच मिनिटे आपल्या पाटावर बसेल, आणि कुकर लावायच्या वेळी त्याला आधीच अंगणात नेले जाईल. दुसरे: तहान लागली की ओरडण्याऐवजी रिकामा पेला आणून हातात देईल. तिसरे: शिंपल्यांच्या खेळात एक शिंपला दुसरे मूल ठेवेल, मग एक तो ठेवेल, असे पाच वेळा होईल. प्रत्येकापुढे कोण करणार, कधी करणार आणि कधी तपासणार ते लिहिले. मदतनीस भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या चौकटीत खुणा करी. तीन महिन्यांनी पहिली दोन उद्दिष्टे साधली होती, तिसरे नव्हते, कारण समोर रोज वेगळे मूल बसवले जात होते. मग फक्त त्याची चुलतबहीण बसवायची असे ठरले. आराखडा असा वागवायचा असतो: लिहायचा, वापरायचा, जिथे अडतो तिथे खोडून पुन्हा लिहायचा.

याउलट, तपासणीच्या निमित्ताने मी एकाच केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटातल्या, अनेक मुलांचे आराखडे एकत्र पाहिले आहेत. ‘बालकास स्वावलंबी बनवणे’, ‘समाजात मिसळण्यास मदत करणे’, ‘वाचन-लेखन क्षमता विकसित करणे’. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलीचे आणि ऐकू न येणाऱ्या मुलाचे उद्दिष्ट शब्दशः एकच. मुलीच्या कागदावरही ‘तो’ तसाच राहिलेला. लिहिणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण एका माणसाने मुदतीच्या आत तालुकाभराच्या फायली पुऱ्या करायच्या म्हटल्यावर दुसरे काय होणार? अशा वाक्यांची अडचण ही, की ती कधी खोटी ठरत नाहीत आणि कधी पूर्णही होत नाहीत. उद्दिष्ट असे हवे की महिनाअखेर सेविका, गुरुजी आणि आजी या तिघांनाही ते साधले की नाही हे वाद न घालता सांगता यावे.

स्वावलंबनाचेच घ्या. आहाराआधी हात धुणे या एका गोष्टीत नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे आणि पुसणे अशा पायऱ्या आहेत. बौद्धिक विकास मंद असलेल्या मुलाला पहिल्या पायरीपासून शिकवायला घेतले तर ते मध्येच कंटाळते आणि उरलेले मोठी माणसे उरकून टाकतात. त्याऐवजी शेवटापासून सुरू करायचे: सगळे सेविकेने करून द्यायचे आणि मुलाने फक्त हात पुसून पंचा खिळ्याला अडकवायचा. ते जमले की नळही त्यानेच बंद करायचा, मग धुणेही त्याचेच. दर वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो. आराखड्यात ‘आज कोणत्या पायरीवर’ एवढा एक रकाना पुरतो.

बसण्याचेही तसेच. ताठ किंवा लुळे अंग असलेल्या मुलाचे कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात आले, पावले टेकली आणि समोरची फळी कोपराच्या उंचीला असली, तर त्याचे हात तोल सांभाळण्यातून सुटतात आणि कामाला लागतात. यासाठी महागड्या खुर्चीची फाइल वर्षभर फिरवावी लागत नाही. गावच्या सुताराने बेतून दिलेला पाठीचा आधार आणि पायाखाली उपडी घातलेली हापूसची जुनी लाकडी पेटी यांवर मुले उत्तम बसलेली मी पाहिली आहेत. उंची थेरपिस्टने एकदा मापून दिली म्हणजे झाले. ते माप आराखड्यात लिहा, कारण मूल वाढते आणि पेटी तेवढीच राहते.

आता आपल्या पावसाविषयी, कारण राज्यपातळीवरून येणाऱ्या कोणत्याही नमुन्यात तो नसतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत कर्णयंत्राच्या नळीत पाणी धरते आणि यंत्र मान टाकते. रोज रात्री ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवणे ही त्या मुलाच्या शिक्षणाची बाब आहे आणि ती आराखड्यात घरच्यांच्या नावापुढे लिहिलेली असावी. दुसरे, वर्गावर पत्रा असेल तर आषाढातल्या सरीत धडधाकट कानाच्या मुलालाही बाई काय म्हणतात ते कळत नाही, आणि यंत्र तर पत्र्याचा आवाजही वाढवून कानात सोडते. त्या दिवसांसाठी जवळ बसवणे, चेहरा उजेडात ठेवून बोलणे, चित्रे आणि खुणा वापरणे हे वेगळे नियोजन हवे. तिसरे, साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी गेले की चालता न येणारे मूल आठ-आठ दिवस घरीच राहते. जून ते ऑगस्टची निम्मी उद्दिष्टे घरात करता येण्याजोगी ठेवली नाहीत, तर सप्टेंबरमध्ये ‘प्रगती नाही’ असा शेरा पडतो आणि तो मुलाच्या नावावर लागतो.

आढाव्याच्या तारखाही इथल्या वर्षाकडे पाहून ठराव्यात. भाद्रपदात बैठक बोलावून कोण येणार? गणपती उरकल्यावर सप्टेंबरअखेर एक, जानेवारीत एक आणि आंब्याच्या धांदलीतही एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात एक, असे तीन आढावे पुरेत. वेळ मासळी विकणाऱ्या किंवा काजू कारखान्यात जाणाऱ्या आईला विचारून ठरवावी. वडील मुंबईला किंवा ट्रॉलरवर असतात, म्हणून ‘पालक अनुपस्थित’ असा शेरा मारून मोकळे होता येणार नाही. मूल ज्याच्या अंगाखांद्यावर वाढते तो त्या बैठकीपुरता पालक समजावा. आराखड्याचा कागद मोठ्या भावंडाच्या दप्तरातून घरी पाठवून सही आणवण्याची जी प्रथा पडली आहे, ती लेखी सूचना काढून बंद करावी.

तपासणीच्या भाषेबद्दल थोडेच लिहिते. घरी मालवणी बोलणारे, बाणकोटी वळणाचे मुसलमानी बोल बोलणारे किंवा आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातले मूल प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला गप्प राहिले, तर ते बोलण्यात मागे आहे असा निष्कर्ष निघत नाही. पडताळणी घरच्या बोलीत व्हावी आणि ती कोणत्या बोलीत झाली हे कागदावर नमूद असावे.

मनुष्यबळाचा प्रश्न टाळता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मधील निकालात प्राथमिक स्तरावर 10 विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. शहरातल्या मोठ्या शाळेत ही दहा मुले एका छपराखाली सापडतील. आपल्याकडे पंधरा-वीस पटाच्या शाळा डोंगरापलीकडे एक, खाडीपलीकडे एक. दहा मुले म्हणजे दहा शाळा, आणि दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जायचे तर बोटीची वेळही सांभाळायची. डोकी मोजून पदे काढली, तर कागदावर प्रमाण बसेल आणि मुलाची भेट महिन्याला एकदा होईल. म्हणून पदे केंद्रनिहाय ठरवावीत, अंतर आणि खाड्या धरून, आणि त्या शिक्षकाच्या कार्यक्षेत्रात केंद्रातल्या अंगणवाड्याही स्पष्टपणे द्याव्यात. हा निर्णय आपल्या एकट्याच्या हातात नाही हे मला ठाऊक आहे, परंतु तसा प्रस्ताव शासनाकडे पाठवणे आपल्या हातात आहे.

यावर अंगणवाडी ताई म्हणतील, ‘अजून एक रजिस्टर?’ त्यांचे म्हणणे रास्त आहे. पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमधल्या नोंदी, वजन-उंची, गृहभेटी, आहार आणि शिवाय जी येईल ती मोहीम, हे सगळे त्यांच्याच मानधनात बसवलेले आहे. म्हणून आराखडा एका पानाचा असावा. मूल स्वतः काय करते, मदतीने काय करते, तीनच उद्दिष्टे, प्रत्येकासमोर कुणी, केव्हा आणि कशाने मोजायचे, घरचे काय करणार, औषध, यंत्र किंवा झटके यांची सूचना, आढाव्याची तारीख. पहिले लेखन विशेष शिक्षकाने करावे, सेविकेने फक्त खुणा कराव्यात. हा आराखडा ज्या देशातून जगभर गेला त्या अमेरिकेतही 1975 च्या कायद्याने तो बंधनकारक झाल्यापासून कागदांचे ओझे ही कायमची तक्रार राहिली आणि 2004 च्या दुरुस्तीत त्यातला काही भाग बहुतेक मुलांसाठी वगळावा लागला. तिथली घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे: तीन वर्षांखालच्या बाळांसाठी 1986 च्या दुरुस्तीने जो आराखडा आणला तो कुटुंबाचा आहे, म्हणजे बाळाबरोबर घराला काय लागेल तेही त्यात लिहिले जाते. आपल्या एकत्र घरांत, जिथे आजी, काकी आणि शेजारीण मिळून मूल सांभाळतात, तो विचार परका वाटू नये.

आता हस्तांतराविषयी, कारण सगळे चांगले काम इथे सांडते. मूल मे महिन्यात अंगणवाडीतून निघते आणि जूनमध्ये पहिलीत बसते. बऱ्याच गावांत या दोन खोल्यांमध्ये एक अंगण असते, तरी मधल्या काळात त्याच्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही. एप्रिलच्या आढाव्याला सेविका, पहिलीचे वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि घरचे एकत्र बसावेत, आराखडा शिक्षकांच्या हाती द्यावा आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यासाठी काय करायचे ते तिथेच लिहावे: बसायची जागा, शौचालयापर्यंत कोण नेणार, कोणत्या आवाजाला घाबरते, कशाने शांत होते. शक्य झाले तर त्याच महिन्यात मुलाला दोन-तीनदा पहिलीच्या वर्गात नेऊन बसवावे, म्हणजे जूनमध्ये निदान खोली तरी नवी वाटणार नाही.

यासाठी नवा निधी किंवा नवी योजना लागत नाही. शिक्षण आणि महिला व बालविकास या आपल्या दोन विभागांच्या सहीचे एक संयुक्त परिपत्रक, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहमतीने, दिवाळीनंतर निघाले तरी यंदाचे एप्रिल गाठता येईल. त्यात संदर्भपत्र मिळालेल्या प्रत्येक मुलाचा आराखडा 30 दिवसांत लिहिला जावा, प्रमाणपत्र नाही म्हणून तो अडवू नये, आणि तिन्ही विभागांच्या नोंदी त्या एकाच पानाला जोडाव्यात, असे स्पष्ट म्हटलेले असावे. पहिल्या वर्षी सगळा जिल्हा घेण्याची घाई नको. प्रत्येक तालुक्यात एक केंद्र घ्यावे, शक्यतो खाडीपलीकडचे किंवा घाटाखालचे, आणि तिथे नमुना जसा अडेल तसा दुरुस्त करावा. डाएटमधून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून) त्याच केंद्रांतल्या सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांना एकत्र बसवून प्रशिक्षण द्यावे. वेगवेगळे दिले तर भिंत तशीच राहील.

आणि परिपत्रकात आणखी एक ओळ घालावी, ही विनंती. आराखड्याची एक प्रत सही होताच पालकांना तिथल्या तिथे द्यावी, आणि तिचा झेरॉक्सचा खर्च शाळेच्या किंवा अंगणवाडी प्रकल्पाच्या सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेतून, करावा. आमच्या कित्येक वाड्यांत झेरॉक्ससाठी एसटी धरून बाजारपेठेला जावे लागते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त विशेष शिक्षिका,
रत्नागिरी जिल्हा